मागचे दोन स्पीकर

अहो, ऐकलंत का,

तुम्ही बोटीवर असताना मी पत्र लिहायची, पोचेल तेव्हा पोचेल म्हणून. तुम्ही बोट सोडून घरी आलात तशी ती सवय मोडली. तुम्ही देवाघरी गेल्यावर आज पहिल्यांदाच परत बसले, कारण उद्या पराग येतोय. आल्याआल्या विचारील, "आई, मागचे स्पीकर का बंद केलेस?" काय सांगू त्याला? मला खरंच भीती वाटतेय हो.

आठवतं ना, बापलेकांची त्यावरून कशी जुंपायची? त्याचं म्हणणं, सराउंड साउंडशिवाय घरात सिनेमा बघण्यात मजाच नाही. तुमचं आपलं एकच. पुढे दोन आहेत तेवढे पुरे, देवाने कानही दोनच दिलेत. मला वाटायचं, हा तुमचा हट्ट. एकदा दोघेच असताना तुम्ही बोललात की इंजिनरूममध्ये मागून वेगळा आवाज आला की हातातलं टाकून आधी बघायला धावावं लागे. जन्मभर तेच केलं, आता सिनेमा बघताना तरी पाठ निवांत टेकू दे. हे परागला का नाही सांगितलंत? तो उगाच तुम्हाला जुनाट म्हणत राहिला.

तुमच्या माघारी दिवाळीला आला आणि लावून दिले त्याने. "तुला सोबत होईल गं," म्हणाला. चिऱ्याच्या भिंतीला भोकं पाडली, माजघरभर तांबडा धुरळा. आणि लावले कुठे, तर मागच्या दाराच्या दोन्ही अंगांना! आपल्याकडे पुढच्या दाराने येतं कोण? सगळी वाडी मागच्या दाराने हाका मारत येते. तोही शहाणा आणि मीही शहाणी, दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिले काही दिवस मी जीव मुठीत धरून सिनेमे बघितले. मागे दार करकरायचं, अनवाणी पावलं वाजायची. वळून बघावं तर दोरीवरचा टॉवेल. रामरक्षा म्हणत सिनेमा बघणारी मीच एकटी असेन! पण परागला एक अक्षरही सांगितलं नाही. घाबरते म्हटलं की घराला कुलूप आणि मी त्याच्याकडे ठाण्याला. त्या नवव्या मजल्यावर माझा जीव नाही रमायचा. समुद्राची गाज ऐकली नाही तर मला झोप तरी येते का?

मग एक दिवस मागून खोकल्याचा आवाज आला. तुम्ही आत येण्याआधी खाकरायचात ना, अगदी तसा. मी "आलात?" म्हणत उठले. पाण्याचा तांब्यासुद्धा भरला. वळले तर दारात कोणी नाही, आणि टीव्हीवर कुठलासा म्हातारा खोकतोय.

इतकी रडले त्या दिवशी! मनाशी पक्कं केलं की मागून काही येवो, आता वळायचं नाही.

तेच अंगाशी आलं.

परवा तिन्हीसांजेला दूध तापत ठेवलं आणि सिनेमा लावला. सिनेमात जत्रा होती. मागून लोकांचा गलका, हाका, कोणी "वहिनी, वहिनी" करतंय. मी ढिम्म हलले नाही. एवढ्यात खांद्यावर हात पडला आणि मी जी किंचाळले! शेजारची शेवंता उभी होती, पांढरीफटक.

"अगो वहिनी, कवापासून हाका मारतंय मी! गॅस उघडा हाय तुझा!"

वाऱ्याने शेगडी विझली होती. मला सर्दी, नाक चोंदलेलं, वास कुठला येतोय? शेवंताने बटण फिरवलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, मला ओढत अंगणात नेलं. तिथे माझ्या हातात तिला काडेपेटी दिसली. जत्रा संपली की देवापुढे निरांजन लावू म्हणून मी ती हातातच घेऊन बसले होते.

 अहो, अजून डोळे मिटले की ती काडेपेटीच दिसते.

काल दोन्ही वायरी मीच उपटल्या. आता आवाज फक्त पुढून येतो, तुम्हाला हवा होता तसा. तरी भीती गेलेली नाही. उलट आता मागे काही वाजलं तर ते खरंच वाजलेलं असणार, सिनेमावर ढकलायची सोय राहिली नाही. सकाळी मागल्या अंगणात माडाचं झाप धपकन पडलं तर मी खुर्चीला चिकटूनच बसले. मग तुमचं आठवलं आणि उठून बघून आले.

उद्या परागला सगळं सांगणार आहे, काडेपेटीसकट. तो काय म्हणेल, देव जाणे. पण मी लपवलं तरी शेवंता थोडीच गप्प बसणार आहे! कुलूप लावू नको, म्हणून त्याचे पाय धरायलाही मागेपुढे बघणार नाही.

आणि तुम्हाला शब्द देते. यापुढे मागून आवाज आला की हातातलं टाकून उठेन आणि बघेन, कितीही भीती वाटली तरी. फक्त तुम्ही मागून खोकू नका. खोकायचंच झालं तर पुढच्या स्पीकरमधून खोका. तिथून आलात तर मी वळणार नाही, आणि दारात तुम्ही नाही हे मला पुन्हा बघावं लागणार नाही.

तुमचीच,
सुमती