घरच्या विहिरीचं पाणी

आबाराव,

"बौद्धाच्या बाईच्या हातचं पाणी आमच्या आईला नको," असं तुम्ही डॉक्टरांना बजावलंत. मी दाराशीच होते.

एवढ्या दुष्काळात तुम्ही ईट गावाहून घरच्या विहिरीचं पाणी तांब्यात आणता. पण घशाच्या कॅन्सरमुळं तुमच्या आईला, मथुराबाईंना, घोट गिळवत नाही. मी कापसाचा बोळा भिजवून जिभेवर थेंब थेंब पिळते, तेवढंच उतरतं.

"पोरी, आबाच्या म्होरं पाजू नगंस. त्यो तुला इथं ठिवायचा न्हाय," म्हणून त्यांनी शपथ घातलीय.

तुम्ही दिवसभर उशाशी बसता. मी ओला बोळा मुठीत धरून उभी राहते.

शपथेमुळं हे पत्र धाडता येत नाही. पण आबाराव, त्यांच्या उशापासून जरा लवकर उठत जा. तुमची आई तहानलेली असते.

चांगुणा,
वॉर्डातली नर्स