बाबांच्या पिस्तुलाची किंमत

३ मार्च १९९६

शी! ड्वाईटने पिस्तूल घासलं! बाबांनी युद्धावरून आणलेलं जर्मन पिस्तूल. पन्नास वर्षं लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेलं. बाबा गेल्यावर विकायचं ठरलं, तर माझ्या या दिवट्या भावाने तारेचा ब्रश घेऊन ते पातेल्यासारखं लख्ख केलं. "बघ कसं नवं दिसतंय! गिऱ्हाईक खूश होईल." वर माझ्याकडे कॉफी मागितली.

५ मार्च

स्टुट्झ म्हाताऱ्याला दाखवलं. जुन्या बंदुकांतलं त्याच्याइतकं आख्ख्या ओहायोत कुणाला कळत नसेल. भिंग लावून प्रत्येक भागावरचा आकडा पाहिला. सगळे जुळतात, म्हणजे सगळे भाग मूळचेच. मग नळीवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "कुणाचे हे उद्योग? पोलादावरचा मूळचा निळसर मुलामा घासून गेला नसता तर बावीसशे डॉलर. आता अकराशे. जास्त मागाल तर लुबाडणूक, कमी मागाल तर मूर्खपणा."

अकराशे तर अकराशे. विषय संपला.

६ मार्च

संपला कुठला! ड्वाईट पुठ्ठा रंगवून घेऊन आला — 'जर्मन अधिकाऱ्याला ठार मारून मिळवलेलं. २००० डॉलर.'

मी म्हटलं, बाबांनी ते सिगारेटची दोन खोकी देऊन घेतलं. लहानपणापासून शंभरदा ऐकलंय आपण.

"अगं, सिगारेटला कोण पैसे देतं? गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

स्वतःच पिस्तुलाची वाट लावायची आणि भरपाई बाबांच्या नावाने! त्या माणसाने उभ्या जन्मात कोंबडी कापली नाही. त्यांना नऊशे डॉलरसाठी खुनी ठरवायचं? लाज नाही. पुठ्ठा फाडून कचऱ्यात टाकला.

९ मार्च

जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार. आम्ही एक टेबल भाड्याने घेतलं. दिवसभर एकच प्रश्न — "याने कुणाला मारलं?" एकजण तर पिस्तुलासोबतचं कातडी म्यान हुंगत होता! रक्ताचा वास येतो का, म्हणे. त्याची बायको शेजारी सॉसेज खात उभी. किळस आली मला सगळ्यांची.

एक जाड्या कानाशी येऊन पुटपुटला, "बाई, तुम्ही सख्खी मुलगी ना? माणूस मारून घेतलं, एवढं कागदावर लिहून सही द्या. अठराशे देतो." ड्वाईटने टेबलाखालून माझा पाय दाबला. नाही म्हणजे नाही!

शेवटी एका शाळामास्तरांनी घेतलं. त्यांनाही घरच्यांच्या सहीचा कागद हवा होता, पण म्हणाले, "जे खरं असेल तेच लिहा." लिहिलं — सिगारेटच्या बदल्यात घेतलं, वडिलांनी यासाठी कुणालाही मारलेलं नाही. अकराशे रोख. सही करताना बाबांचा फार अभिमान वाटला.

१० मार्च

ड्वाईट बोलत नाही. बरंच आहे.

११ मार्च

वृद्धाश्रमात आईकडे गेले. सगळं सांगितलं, जरा मिरवूनच. ती वाटीतली जेली चमच्याने ढवळत म्हणाली,

"सिगारेटचं मीच सुचवलं होतं त्यांना. तुम्ही पोरं पिस्तुलाबद्दल विचारायचात, आणि ते ताटावरून उठून जायचे. अधिकारीबिधिकारी नव्हता गं तो. सतरा-अठराचं पोर होतं."

आणि मी सही करून दिलीय.