टायरला मारलेला काळा रंग

ताई,

बाबांचा डबा घेऊन मी दवाखान्यात पुढे जातोय. तू रात्रभर तिथे बसून आलीस, म्हणून उठवलं नाही.

ट्रॅक्टर चालवायला काढू नकोस. मागचं डावं टायर फुटलंय, पण उजवंही त्याच लायकीचं आहे. उन्हात उभं राहून दोन्हींना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मागच्या महिन्यात ट्रॅक्टर विकत घ्यायला गिऱ्हाईक बघायला येणार होतं, तेव्हा मी त्या भेगा पंक्चरच्या सोल्युशनने बुजवल्या आणि वरून काळा रंग मारला. गिऱ्हाईक आलंच नाही. बाबांनी मात्र ओट्यावरून बघितलं आणि म्हणाले, "नवीन घातलीस होय? बरं केलंस."

मी गप्प बसलो. त्यांच्या तोंडून 'बरं केलंस' ऐकून कितीतरी वर्षं झाली होती.

म्हणून तर त्यांनी परवा ट्रॉली भरून उतारावर घातली. एरवी त्या टायरांवर ते रिकामा ट्रॅक्टरसुद्धा फाटकाबाहेर काढत नव्हते.

काल पायाला प्लास्टर घालत असतानाही ते दुकानदाराला शिव्या देत होते. नवं टायर महिन्यात फुटतंच कसं, घरी गेलो की जाब विचारतो, म्हणाले. मी नुसती मान हलवली. आज सांगायचं ठरवलंय.

तू एक कर. फडकं रॉकेलमध्ये बुडवून उजव्या टायरचा रंग आणि भेगांतलं सोल्युशन पुसून टाक. माझं तोंड आजही उघडलं नाही, तर ते घरी येतील तेव्हा भेगा तरी दिसू देत.

धाकटा