माईकसमोरचा फोटो

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा काय म्हणतो?

पेपरातला माझा फोटो आई साऱ्या गल्लीला दाखवतेय, हे वाचून तोंड लपवावंसं वाटलं. अगं, युवा धोरणाच्या त्या सभेत मी भाषणाला नव्हे, माईक लावायला गेलो होतो. सध्या हेच काम मिळालंय. अंगातलं जाकीटही मालकाचं.

पण खरी लाज पुढेच आहे. तरुणांसाठी राखलेल्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, म्हणून आम्हा वायरवाल्यांनाच तिथे बसवलं. मंचावरच्या साहेबांनी थेट मलाच विचारलं, "बोला, तरुणांना काय हवंय?" फोनवर तासभर तुझं डोकं खातो ना मी, नोकऱ्या नाहीत, आमचं कोणी ऐकत नाही म्हणून? त्यातलं एक अक्षर आठवेना. माईक सवयीने तोंडाशी गेला आणि सवयीचंच बोललो, "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का?"

साहेब हसून म्हणाले, "येतोय, येतोय." टाळ्या पडल्या आणि सभा पुढे सरकली.

आईला सांग, पोरगा बोलला. काय बोलला असं विचारलं, तर तू चहा टाकायला ऊठ.

टाळ्या खाऊन गप्प बसलेला,
तुझा धाकटा