कानावर पडलेल्या गोष्टींची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, घरोघरी जाऊन रुग्णसेवा केलेली निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटी बहीण स्वयंपाकघरातून दोनदा येऊन "काय लिहितेस गं ताई एवढं?" असे विचारून गेली. त्याला दबाव समजू नये, तो तिचा स्वभाव आहे. गेल्या वर्षी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्याचे कारण शेवटच्या कलमात आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोकळी पट्टी, धाकटीच्या नावे. आम्ही दोघी इथे जन्मलो आणि दोघींनीही लग्न केले नाही. कारणे वेगवेगळी आहेत, ती इथे लिहायची नाहीत.

२. बँकेतली ठेवही तिचीच. कागद कपाटात आहेत. कपाटाला मी कधी कुलूप लावले नाही, कारण जे तिच्यापासून लपवायचे होते ते कपाटात नव्हतेच.

३. सायकल, कातडी बॅग, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि बँडेज कापायची कात्री माझ्यानंतर या भागात काम करणाऱ्या परिचारिकेला द्यावी. ती सदा घाईत असते म्हणून मी तिला वादळ म्हणते. सायकलीसोबत तिची रीतही द्यायची आहे. ती रुग्णाच्या दारात लावायची नाही, दोन घरे अलीकडे लावायची. गल्लीला कळता कामा नये की आज कोणाकडे पट्टी बदलायची आहे. रुग्ण बाजारात भेटला तर आधी त्याने ओळख दाखवायची, मग आपण. आणि घरात शिरल्यावर मुलाला किंवा सुनेला गरम पाणी आणायला पाठवायचे. गरम पाण्याची मला क्वचितच गरज असे. पाणी तापेपर्यंत दार लोटलेले राही आणि माणूस जे कोणाला सांगत नाही ते सांगून मोकळा होई. हे दवाखान्यात करावे लागत नाही. तिथे पडदा असतो. घरात भिंतीलाही कान असतात.

त्या खोल्या मला फार आठवतात. कोणाच्या ते सांगणार नाही, पण खिडकीला आजार नसतो, म्हणून तिच्याबद्दल लिहिता येते. एका खिडकीत टोमॅटोचे रोप होते आणि प्रत्येक भेटीत ते मला दाखवले जाई. एका घरी शिवणयंत्रावर स्वच्छ फडके पसरून माझे सामान मांडलेले असे. एका खोलीत तीन घड्याळे होती, तिन्हींच्या वेळा वेगळ्या, आणि तिथून निघताना मला नेहमी उशीर होई. ते दिवस परत मिळाले तर मी या गुडघ्यांनिशी पुन्हा सायकलवर बसेन.

४. नाक्यावरच्या औषधवाल्याला माझा घडीचा कापडी पडदा. या गृहस्थाने एकदा भर दुकानात "मूळव्याधीचं मलम कोणाचं?" अशी आरोळी ठोकली. ज्याचे होते तो बिचारा मलम न घेताच घरी गेला. मी त्यानंतर दोन वर्षे त्याच्याशी अवाक्षर बोलले नाही. पडदा त्याने गल्ल्याच्या कडेला लावावा आणि पडद्याआड हळू बोलायची सवय करावी. राग संपला आहे, सूचना कायम आहे.

५. आता धाकटीबद्दल. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी कामावरून आले की ती चहा पुढे ठेवून विचारायची, "आज कोणाकडे होतीस? काय झालंय त्यांना?" मी म्हणायची, "माणसाकडे होते. बरं नाही त्यांना." ती रुसायची. इतकी वर्षे मी तिला प्रत्येक दाराबाहेर ठेवले आणि ताकास तूर लागू दिली नाही.

गेल्या वर्षी माझे ऑपरेशन झाले. घरी आल्यावर जखम चिघळली, ताप डोक्यात गेला आणि मी बरळू लागले. शुद्धीवर आले तेव्हा धाकटी उशाशी होती. मी विचारले, "काय बोलले गं मी?" ती म्हणाली, "मला काय माहीत? मी ऐकतच नव्हते." माझा विश्वास बसला नाही. ती आणि ऐकणार नाही? माझ्यावर विसंबून ज्यांनी आपली दुखणी सांगितली, त्यांची अब्रू माझ्याच जिभेने जाईल या भीतीने मला झोप येईना. म्हणून त्या मृत्युपत्रात मी लिहिले की, माझ्या शेवटच्या आजारात धाकटीला खोलीत येऊ देऊ नये. लिहिताना मला रडू आले होते.

हे बजावणार कोण, तर वादळ. म्हणून मागच्या आठवड्यात तिला बोलावून सांगितले. ती खुर्चीत बसली. अशी निवांत बसलेली मी तिला प्रथमच पाहिली.

"ताई, एक सांगू?"

"रुग्णाचं असेल तर नको."

"रुग्णाचं नाही, रुग्णाच्या बहिणीचं आहे. तुम्ही तापात बोलत होतात तेव्हा मी आले होते. मी काय ऐकलं ते माझ्यापाशी. पण धाकट्या ताईंना हाका मारतेय, तर त्या ढिम्म. जवळ जाऊन बघते तर दोन्ही कानांत कापूस कोंबलेला! तुमचा हात हातात धरून बसल्या होत्या. मी खुणेनं विचारलं, हे काय? तर केवढ्यानं ओरडल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता ना त्यांना. म्हणाल्या, 'शुद्धीवर आली की ताई पहिलं हेच विचारेल, काय ऐकलंस. मला खोटं बोलता येत नाही.'"

तरी ते कलम आता रद्द, आणि वादळाला तसे तोंडीही सांगितले आहे. माझ्या शेवटच्या आजारात धाकटीने माझ्याजवळ बसावे, दुसऱ्या कोणी तिला उठवू नये. मी जे बरळेन ते तिने पोटात ठेवावे, ती ठेवील. कानांत कापूस मात्र घालू नये. मी हाक मारली तर तिला ऐकू यायला हवी.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी

(सही) ताई

आमच्यासमोर ताईंनी सही केली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपीकाका
साक्षीदार २: (सही) समोरच्या मास्तरीणबाई. वाचावासा वाटला होता, ताईंनी हात ठेवला.