किल्ली अध्यक्षांकडे असते

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल पोचलं. तुझ्या लेकाची बदली झाली, सूनबाईंनी सामान बांधायला काढलं, आणि त्यात तुलाही बांधायचं की नाही हे महिनाअखेर ठरायचं आहे, असं तू लिहितेस. मी तीनदा लिहिलं की माझ्याकडे ये. तू तीनदा लिहिलंस की नको. कारण एकच, ती मेली पाण्याची गोळी. ती घेतली की सारखं जावं लागतं, म्हणून तू घराबाहेर पडत नाहीस. ताईच्या घरात कोंडून घ्यायचं तर मुलाच्या घरात कोंडून घेतलेलं काय वाईट, असं तुझं म्हणणं. म्हणणं बिनतोड आहे, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

आता इथली बातमी ऐक. आमच्या बाजाराच्या इमारतीत तळमजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, हे तुला माहीत आहे. नागरिक विचारमंचाने प्रयत्न करकरून ते बांधून घेतलं. पांढऱ्या फरश्या, आरसा, बाहेर संगमरवरी पाटी, पाटीवर अध्यक्षांचं नाव मोठं आणि 'महिलांसाठी' हे बारीक. तू मागच्या वर्षी आलीस तेव्हा त्याला कुलूप होतं. अजून आहे. उद्घाटनाच्या दिवशी जे लागलं ते लागलं. मी अध्यक्षांना विचारलं होतं. ते फार प्रेमाने म्हणाले की ताई, उघडलं तर घाण होईल हो! या वर्षी त्याला सर्वांत स्वच्छ स्वच्छतागृहाचं बक्षीस मिळालं. मिळणारच. माझ्याकडे एक न वापरलेला टी-सेट आहे, त्यालाही एखादं मिळवून देता येईल.

भाजीवाल्या आणि शिवणाच्या दुकानातली बाई सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी बाजारात जाते ती घड्याळाकडे बघत जाते. मला गोळी नाही, नुसतं वय आहे.

तर विचारमंचाची सभा आहे, विषय 'स्त्री आणि सार्वजनिक जीवन'. व्यासपीठावर अध्यक्ष, एक वकीलबाई, एक तरुण कार्यकर्ता आणि परगावच्या एक मोठ्या विदुषी. आभारप्रदर्शन माझ्याकडे. मी कॉन्व्हेंटची, माझे उच्चार चांगले, असं अध्यक्ष म्हणाले. उच्चारांत काय येणार आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

गोळ्या वेळेवर घे. लोभ आहे, उपदेशासकट.

तुझी,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिली भीती वाटली ती अध्यक्षांसाठी. बिचाऱ्यांना कोणीतरी कळवायला हवं होतं की तू चाळीस वर्षं टेलिफोन ऑफिसात लोकांना 'थांबा' म्हणण्यात घालवलीस आणि आता तुला कोणी थांबा म्हटलं की तुझं डोकं फिरतं.

इकडे सामानाचे डबे भिंतीला लागलेत. सूनबाई स्वभावाने वाईट नाही. नव्या घराचा नकाशा तिने मला दाखवला आणि आईंची खोली बाथरूमला अगदी लागून घेतली आहे असं कौतुकाने सांगितलं. मी थँक यू म्हटलं. उरलेलं आयुष्य एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, तेही लागून. चांगलंच आहे की.

एक गोष्ट लिहायची राहिली होती. मागच्या वर्षी तुझ्या बाजारात, त्या कुलपापाशी, माझ्या साडीवर पाण्याची बाटली सांडली असं मी तुला सांगितलं होतं. बाटली सांडली नव्हती. तेव्हापासून मी कुठल्याच बाजारात गेलेले नाही. आता कळलं ना, मी नको का म्हणते ते. याच्यावर पुन्हा काही लिहू नकोस.

आणि सभेत तमाशा करू नकोस. शाळेत तिसरी-चौथी एकाच वर्गात बसायच्या तेव्हा मला करंगळी वर करायची लाज वाटायची म्हणून दोन बाकं मागे बसून तू माझ्यासाठी करंगळी वर करायचीस आणि सिस्टरचा ओरडा खायचीस. आता आपण साठीपार आहोत. आभार मान आणि घरी जा.

लोभ आहे तेवढा पुरे, पण असू दे.

तुझी,
चिमणी


ता. १८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून एकच ओळ लिहिते. बाटलीचं मला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी तू बाटली आणलीच नव्हतीस. संपला विषय.

आता सभा. सभागृह बाजाराच्या माडीवर, म्हणजे त्या कुलपाच्या बरोबर डोक्यावर. व्यासपीठावर प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. समोर बायका भरपूर, कारण अध्यक्षांनी भाजीवाल्यांना बजावून ठेवलं होतं की खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत. स्त्रीला सार्वजनिक जीवनात आणायचं तर आधी तिला दटावावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आधी तरुण कार्यकर्ता बोलला. पुरुषांनी डोळे मिटून आपण स्त्री आहोत अशी कल्पना करावी, असं त्याने सांगितलं. पुरुषांनी मिटले. पहिल्या रांगेतले दोघे ते उघडायचे विसरले. मग वकीलबाई. बाई हुशार, तळमळीची, सार्वजनिक जागेवर स्त्रीचा हक्क कसा आहे ते कलमांसकट सांगितलं. खालचं कुलूप कोणत्या कलमाखाली येतं हे विचारायची माझी फार इच्छा होती, पण मी आभारवाली, माझी पाळी शेवटी.

विदुषींचं भाषण छोटं आणि छान झालं. त्या सकाळपासून प्रवासात होत्या, भाषणाआधी घसा कोरडा म्हणून सगळी बाटली प्यायल्या, आणि वर चहाही घेतला. मग अध्यक्ष उठले.

आमच्या अध्यक्षांची एक खोड तुला सांगायला हवी. वक्ता लांबला की त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवायची ही मंचाची पद्धत. अध्यक्षांपुढे इतक्या वर्षांत इतक्या चिठ्ठ्या आल्या की ते आता न वाचताच खिशात घालतात. विदुषींनी चिठ्ठी लिहिली. खिशात गेली. त्यांनी दुसरी लिहिली. ती खिशात घालताना अध्यक्ष सभेला म्हणाले की श्रोत्यांचा आग्रह दिसतोय, तेव्हा थोडं आणखी बोलतो. त्यांनी स्त्रीच्या सहनशीलतेवर नवा मुद्दा काढला. विदुषी खुर्चीत कधी डाव्या, कधी उजव्या अंगावर बसत होत्या. सहनशीलतेचं चालतं-बोलतं उदाहरण त्यांच्या शेजारीच बसलेलं होतं, पण मान वळवेल कोण?

मी विदुषींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी आधी पाहिलेला होता, चिमणे. चौथीच्या वर्गात पाहिला होता, आणि मागच्या वर्षी खाली त्या दारासमोर पाहिला होता. मग मी व्यासपीठावरच्या माझ्या कडेच्या खुर्चीतून उठले आणि करंगळी वर केली.

तू नको म्हणाली होतीस, ठाऊक आहे. अध्यक्ष वाक्याच्या मध्येच थांबले. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं असावं. आधी मागच्या रांगेत भाजीवाल्या फसकन हसल्या, मग सगळं सभागृह. मी माइक घेतला आणि सरळ आभार मानायला सुरुवात केली. आभार सुरू झाले की सभा संपली असं लोक धरतात. सुटकेच्या आनंदात त्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की अध्यक्षांना खाली बसावंच लागलं.

मी विदुषींचे आभार मानले, वकीलबाईंचे मानले, कार्यकर्त्याच्या कल्पनाशक्तीचे मानले. मग अध्यक्षांना विचारलं की पाहुण्यांना खाली जायचं आहे, किल्ली द्यावी. ते हळूच म्हणाले की किल्ली घरी आहे. माइक माझ्या हातात होता, त्यामुळे हळूच म्हटलेलं मागपर्यंत गेलं. किल्ली त्यांनी बक्षिसाच्या ढालीबरोबर दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवली आहे म्हणे, शोभेला. ती आणवायला मात्र ते तयार होईनात.

त्यांचं घर बाजाराच्या समोरच. तेव्हा मी पुढचे आभार मानले. म्हटलं, खालचं दार उघडेपर्यंत बाजारातल्या सर्व भगिनींसाठी माननीय अध्यक्षांनी आपल्या राहत्या घराचं बाथरूम सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुलं केलं आहे, त्याबद्दल मंच त्यांचा कायम ऋणी राहील. वर्तमानपत्राचा फोटोवाला समोर होता. अध्यक्षांना हसावं लागलं. विदुषी उठल्या, मी माइक खाली ठेवला, वकीलबाई उठल्या (त्याही मघापासून कलमांवर तग धरून होत्या) आणि आमच्यामागे सगळी बायकांची सभा जिना उतरली.

अध्यक्षांच्या बायकोने दार उघडलं. मी सगळं सांगितलं. दार सताड उघडून ती म्हणाली की या ना, यांनी घरात कोणाला बोलावलं असं पहिल्यांदाच झालं. रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत होती. तिने सगळ्यांना प्यायला पाणी दिलं. मला वाटतं मुद्दाम दिलं.

कुलूप अजून आहे. पण काल आणि आज भाजीवाल्या नेमाने अध्यक्षांकडे जात आहेत. ओल्या चपलांसकट.

तू काय ठरवतेस ते कळव. लोभ तुझ्याकडेच ठेवलेला आहे, येताना घेऊन ये.

तुझी,
ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतकी हसले की मध्येच उठावं लागलं. तेही तुझ्याच खात्यावर. लेकाने विचारलं काय झालं, मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला की मावशीला अटक कशी झाली नाही. सूनबाईने मात्र हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली की तिच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर जावं लागतं आणि हे तिने कधी घरी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात पहिल्यांदाच हा विषय जेवणाच्या टेबलावर आला, आणि कोणी मेलं नाही.

पण ताई, मी तुझ्यासारखी टाळ्यांवर भाळणारी नाही. अध्यक्षांच्या घरचं बाथरूम काही माझ्या जन्माला पुरणार नाही. कुलूप निघालं का? निघालं तर दार उघडं टिकलं का? सामानाची गाडी सव्वीसला येते. माझ्या ट्रंकेवर कोणता पत्ता लिहायचा ते सूनबाईने विचारलं आहे, आणि ट्रंक अजून कोरीच आहे. सजवून लिहू नकोस. खरं लिही.

लोभ असतोच, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी,
चिमणी


ता. २४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

खरं लिहिते. कुलूप निघालं. अध्यक्ष तीन दिवस टिकले. चौथ्या दिवशी स्वतः आंघोळीला जायचं तर बाहेर शिवणाच्या दुकानातल्या बाईचा नंबर होता आणि त्यांच्या बायकोने त्यांना रांगेत उभं केलं. त्याच दिवशी त्यांनी दुसरं उद्घाटन केलं. फीत कापली, भाषण केलं, महिलांची गैरसोय पाहून आपल्याला राहवलं नाही असं सांगितलं. वर्तमानपत्रात तसंच छापून आलं. मी वाचलं आणि पेपर त्याच जागी नेऊन ठेवला, बायकांना हात पुसायला.

आता स्वच्छतागृहाचं सांगते. आरसा तडकला. एक कडी नीट बसत नाही, आतून हाताने धरावी लागते. काल एकीने नळ उघडा ठेवला आणि फरशीवर तळं झालं, त्यावरून माझं आणि मासळीवालीचं कडाक्याचं भांडण झालं. बाजाराने झाडायला बाई ठेवली आहे, ती येते आणि कपाळाला हात लावते. पांढऱ्या फरश्या आता कोणत्या रंगाच्या आहेत ते सांगणार नाही. अध्यक्ष येता-जाता मला म्हणतात की बघा ताई, मी म्हटलं होतं की नाही, घाण होईल. मी म्हणते, हो, म्हटलं होतंत. यंदा बक्षीस जाणार याचं त्यांना फार वाईट वाटतं आहे. मी रोज सकाळी त्या दाराला हात लावून बघते. रोज उघडं असतं.

सजवून लिहू नकोस म्हणालीस, तर एवढंही लिहून टाकते. माझं घर तसं लहानच आहे, पण दुपारी फार मोठं होतं. टेलिफोन ऑफिसात दिवसभर कानात माणसं असायची. आता मी सभांना जाते ती भाषणांसाठी जाते असं तुला वाटतं का?

बाकी तुझं तू ठरव. लोभ धरणं तुझ्या हातात, वाट बघणं माझ्या.

तुझी,
ताई


ता. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, गाडीवाले खाली हाका मारताहेत. ट्रंकेवर तुझा पत्ता घातला आहे. सूनबाईने स्वतःच्या हाताने घातला, मोठ्या अक्षरांत, आणि मग डोळे पुसायला आत गेली. आता ते प्रेम की सुटका हे मी तपासणार नाही.

पाच तारखेला पोचते. प्रवासाच्या दिवशी गोळी घेणार नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. सहा तारखेला सकाळी तुझ्याकडे चहा घेईन, गोळी घेईन, वर भांडंभर पाणी पिईन, आणि मग आपण दोघी बाजारात जाऊ. घड्याळ घरी ठेव.

ती कडी बसत नाही म्हणालीस ना, तर दार तू बाहेरून धरून उभी राहा.

लोभ वगैरे समक्ष.

तुझी,
चिमणी