एक नंबरच्या रेकॉर्डची झांज

३ नोव्हेंबर, सोमवार
मुंबईहून शहाभाईंच्या दुकानाचं पार्सल आलं. यांनी हात धुऊन उघडलं. आमच्या वहीतल्या एक नंबरच्या रेकॉर्डची नवी आवृत्ती. तीच चौघं वाजवणारी, तीच गाणी, तेच निळं पाकीट. फक्त कोपरे दुमडलेले नाहीत. जुनी यांना गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात लागले तेव्हा गोव्याच्या फोरमनने दिली होती, आमच्या लग्नाच्या आधी. जॅझचं वेड तिथून. आता तिच्यावर ओरखडे फार. नवीची सहा महिने वाट पाहिली.
कुंकवाची डबी आणली. घरात नवी वस्तू आली की हळदकुंकू लागतं, मिक्सर असो की रेकॉर्ड. आजवरच्या ६३ रेकॉर्डांना मधल्या गोल कागदावर बोट लावलं आहे. शहाभाईंना एकदा फोटोत दिसलं. म्हणाले, "भाभी, कुंकू लावलेला जॅझ जगात दुसरीकडे नसेल."
आज हे म्हणाले, "थांब नं. पयले आयकू दे."
बरं. वहीत ६४ नंबर टाकला. नाव: निळी, नवी.

४ नोव्हें., मंगळवार
स. पूजा झाल्यावर ६४ लावली. मी दाराशी तांदूळ निवडत होते. पहिल्याच गाण्याला यांचा चेहरा उतरला. सुई उचलली, परत ठेवली.
"झांज काढून टाकली."
"कोनं?"
"कंपनीनं. नवी काढतानी. ढोल हाय, पियानो हाय, झांज गायब."
ढोलाशेजारच्या त्या पितळी तबकडीला सिंबल म्हणतात. आमच्या घरात झांजच. मी भजन मंडळात तीस वर्षं झांज वाजवते, त्यामुळे.


६ नोव्हें., गुरुवार
शहाभाईंना फोन. बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. ते म्हणाले, साहेब, बाकी कोणाची तक्रार नाही. हे म्हणाले, "बाकीचे बहिरे असतीन."
रेकॉर्ड परत पाठवायची. त्या दुकानातून पुन्हा काही घ्यायचं नाही, असंही. शहाभाई दर महिन्याला नवीन काय निघालं, जुन्यातलं काय परत निघालं याची यादी पाठवतात. ती मी वाचते, हे आडवे पडून ऐकतात. ते बंद झालं तर यांचा दिवस कसा जायचा, हा माझा प्रश्न.

८ नोव्हें., शनिवार
हे बँकेत गेले. मी एकटीने मशीन लावलं. आयुष्यात पहिल्यांदा.
पोथीची नवी प्रत आली की मी जुनीशी ताडून पाहते. एकदा दोन ओव्या गळालेल्या सापडल्या होत्या. म्हटलं, तसंच पाहू. वहीचं पान आखलं. चार मात्रांचं एक घर. झांज ऐकू आली की टिंब.
नवल म्हणजे आम्ही भजनात पहिल्या मात्रेवर जोर देतो, रेकॉर्डवरचा हा ढोलवाला दुसऱ्या न् चौथ्यावर देतो. जणू सगळे पाय टाकतात तिथे हा पाय उचलतो. मध्येच ढोल झाडूने झाडल्यासारखा आवाज. अंगण झाडतानाचाच. इतकी वर्षं हे घरात वाजतंय आणि मी पोळ्या लाटत होते.
पहिलं गाणं जुनीचं आणि नवीचं, दोन्ही मोजलं. टिंबं तंतोतंत. उलट नवीत झांज जास्त स्वच्छ. जुनीत ओरखड्यांमागे दबली होती.
मग यांना का ऐकू आली नाही?

९ नोव्हें., रविवार
वही दाखवली.
"भजनाची झांज न् हे एक हाय का? तुले काय समजते त्यातलं?"
"पितळ तं पितळच असते."
चप्पल घालून निघून गेले.

१२ नोव्हें., बुधवार
स. दोन्ही निळ्या मऊ कापडाने पुसून पाकिटात ठेवल्या.
दु. यांनी शहाभाईंसाठी व्हिडिओ केला. फोन माझ्या हातात. आधी नव्या पाकिटातली लावली. "आयका, झांज हाय का कुठी?" मग जुन्या पाकिटातली. "आता हे पाहा, कशी खणखणून राह्यली." मला दोन्हीत सारखीच ऐकू येत होती. व्हिडिओ पाठवला.
रेकॉर्डी उचलून ठेवताना मधला कागद पाहिला; लावताना यांना चष्मा नव्हता. नवी म्हणून जी लावली तिच्यावर कुंकू. जुनी म्हणून लावली तिचा कागद कोरा. सकाळी पाकिटं माझ्याच हातून बदलली.
म्हणजे जुनीतली झांज यांना ऐकू आली नाही. आणि नवीला जुनी समजले तर आली.
यांना सांगितलं नाही.

१३ नोव्हें., गुरुवार
शहाभाईंचा निरोप: "पाठवून द्या, साहेब." एवढंच. वाद नाही. त्यांनी काही ओळखलं असेल का.
हे म्हणाले, "पाहा, गप बसला."

१५ नोव्हें., शनिवार. एकादशी
उपास. डोकं एकाच गोष्टीशी.
कुकरच्या शिट्ट्या. स्वयंपाकघरात उभे असून बंद करत नाहीत, भात दोनदा लागला. मी आळशी म्हटलं. नातीचा फोन. चंद्रपूरला असते, सहा वर्षांची, किनरा आवाज. "चिऊ मले बोलतच नाई, रुसली हाय." पोरगी बोलत होती, मी शेजारीच होते. आरतीत "घंटी हळू काऊन वाजवतं?"
बारीक, उंच आवाज तेवढे यांच्या कानातून निसटतात. जाडे येतात. एकतीस वर्षं दगड फोडायच्या मशीनशेजारी उभे होते.
जुनी रेकॉर्ड पाठ आहे. ती कानाने ऐकत नाहीत, आठवणीने ऐकतात.
भाताचं मी नको तितकं बोलले. देवापुढे कबूल केलं. यांच्यापुढे राहिलं.

१८ नोव्हें., मंगळवार
पार्सल बांधून तयार. पट्ट्या मारून झाल्या. उद्या कुरियरला द्यायचं. चांगल्या वस्तूला खोटी ठरवून परत पाठवायचं आणि मी कुंकू लावणारीने पाहत बसायचं, हे जमेना.
"अवो, व्हिडिओत जिले तुम्ही खणखणते म्हणाले, थे नवी होती. पाकिटं माह्याकडून बदलली."
आधी हसले. मग स्वतःच पट्ट्या सोडल्या, दोन्ही काढून मधला कागद पाहिला. म्हणाले, "मी तिकडं पाठ करून बसतो. तू लाव. कोनती ते सांगू नको."
तीनदा लावली. दोनदा चुकले.
"तुले कधीचं मालूम हाय?"
"बुधवारपासून."
"मंग सांगतलं काऊन नाई?"
"सांगून राह्यली नं आता."
अंगणात जाऊन उभे राहिले. पार्सल तसंच सुटलेलं.

२१ नोव्हें., शुक्रवार
तीन दिवस मशीन बंद. घर मोकळं मोकळं. मुलगी म्हणते, बाबांना चंद्रपूरला आण, कानाच्या डॉक्टरांचा नंबर लावते. विचारलं तर म्हणाले, "मले नाई जायचं."
आज शहाभाईंची यादी आली. त्या दुकानातून घेणं बंद म्हणणाऱ्याला यादी कशी पाठवतात, त्यांना माहीत. मी नेहमीसारखी मोठ्याने वाचली. हे पलीकडच्या खोलीत. जुन्यातल्या दोन परत निघाल्या. एक कोरी करकरीत, डिसेंबरात येणार. तिघांची. ढोलावर तरुण मुलगी.
पलीकडून आवाज आला, "पोरगी वाजवते ढोल?"
"हाव. फोटो हाय. चिऊसारखी वेणी हाय तिले."
मग दारात येऊन म्हणाले, "जुन्या मले पाठ हायेत. कानात नाई आल्या तरी वाजतेत. नवीचं काय करू मी?"
वहीत तिचं नाव लिहून ठेवलं. नंबर टाकला नाही.

२७ नोव्हें., गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. दु. उठून आले तर यांनी ६४ मशीनवर ठेवलेली.
"बस. कुठी वाजते, दाखव."
यांच्या मनगटावर बोटाने ठोका धरला. दोन, चार. दोन, चार. मध्ये ठिणगीसारखी एखादी जास्तीची, तीही दिली. डोळे मिटून होते. एक बाजू संपली, मी उलटून लावली. अर्ध्यात यांनी माझा हात धरला आणि तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला.
"हे आयकू येते का तुले?"
तळव्याला आलं, मग कानाला. घरात कोणी हळू पावलांनी फिरतंय तसं. उंच उभं ठेवून वाजवतात ते व्हायोलिन म्हणे, माणसाएवढं. वर्षानुवर्षं माझ्या घरात फिरत होतं आणि मी कधी ऐकलं नव्हतं.
"मी तं त्याच्याच मागं मागं जातो," म्हणाले. "झांज तू पाहा."
मग, "लाव आता कुंकू."
लावलं.
सं. शहाभाईंना फोन. "शहाभाई, गलती मेरी थी. रेकॉर्ड ठीक है, कान मेरा खराब है." तिकडून म्हणाले, "साहेब, मैं पार्सल की राह देख ही नहीं रहा था." म्हणजे ओळखलं होतं.
वेणीवाल्या मुलीची रेकॉर्ड पाठवायला सांगितली. डॉक्टरांचं मात्र "पाहू."

९ डिसें., मंगळवार
वेणीवालीचं पार्सल आलं. वहीत ६५.
मी कात्री दिली. घेतली नाही.
"उद्या जाऊ चांद्याले. पोरीले फोन कर, नंबर लाव म्हन. आल्यावर उघडू."
"न् डॉक्टर म्हणाले की काई फरक नाई पडत, तं?"
"तरी उघडू. तू बाजूले बसशीन."
"न् मले समजलं नाई तं? हे तं मीबी कधी आयकलं नाई."
"तं दोघंबी नवे," म्हणाले आणि चहा मागितला.
सकाळी सातची चंद्रपूरची बस. महाकालीचं दर्शन आधी की दवाखाना, यावर अजून बोलणं चालू आहे. पार्सल देवाजवळ ठेवलं, वर कुंकवाची डबी.